काडेपेट्या विकून देशांना कर्ज देणारा इव्हार क्रूगर, ज्याच्या कंपनीची काडी अंबरनाथमध्ये बनायची

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी हार्बर लाइनची गाडी पकडा. खांदेश्वर आणि पनवेलला पाठीवर सॅक अडकवलेली पोरं उतरताना दिसतील. कुणाला प्रबळगड करायचा असतो, कुणाला कलावंतीण. सॅकमध्ये मॅगी, चहापत्ती, छोटा स्टोव्ह आणि किराणा दुकानातून घेतलेली एक काडेपेटी.

वर पोहोचेपर्यंत सॅक ओली झालेली असते. काड्या नशिबाने कोरड्या राहतात, पण पेटीच्या बाजूची ती तपकिरी पट्टी भिजून लिबलिबीत झालेली असते. मग काडी दगडावर घासून बघा, बुटाच्या तळव्यावर घासून बघा, सॅकच्या चेनवर घासून बघा. ती पेटत नाही म्हणजे नाही.

अशा वेळी हमखास कुणाला तरी जुने वेस्टर्न सिनेमे आठवतात. त्यातला काऊबॉय बुटाच्या टाचेवर काडी ओढतो आणि ती भस्सकन पेटते. मग आपली का पेटत नाही?

कारण ती काडीच वेगळी असते. काऊबॉयकडे असते ती कुठेही घासा, पेटणारी काडी. आपल्याकडे मिळते ती सेफ्टी काडी. आपल्या देशात ही सेफ्टी काडी घराघरात पोहोचवण्यात ज्या कंपनीचा मोठा वाटा होता, तिचा एक कारखाना खांदेश्वरपासून फार लांब नव्हता. मलंगगडाच्या पलीकडे, अंबरनाथला. ही कंपनी होती स्वीडनच्या एका माणसाच्या साम्राज्याचा भाग.

त्याचं नाव इव्हार क्रूगर. एके काळी जगातल्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश काड्यांच्या धंद्यावर त्याचं नियंत्रण होतं, असं सांगितलं जातं. त्याने फ्रान्स आणि जर्मनीसारख्या देशांना कर्ज दिलं. आणि तो गेला तेव्हा स्वीडनच्या पंतप्रधानाला खुर्ची सोडावी लागली.

आधी काडीचं गणित समजून घेऊ

क्रूगरचा जन्म व्हायच्या आधी काडीचा इतिहास बराच भयानक होता.

१८३० च्या दशकापासून युरोपात ज्या काड्या विकल्या जायच्या, त्यांच्या टोकाला पांढरा फॉस्फरस असायचा. काडी कुठेही घासली की पेटायची. खिशात एकमेकींवर घासल्या तरी पेटायच्या. उंदराने कुरतडल्या तरी आग लागायची. पण खरा त्रास कारखान्यातल्या बायका-पोरांना होता. फॉस्फरसच्या वाफेने त्यांच्या जबड्याचं हाड सडायचं. दात पडायचे, पू व्हायचा, कित्येकदा जबडा कापून काढावा लागायचा. १८८८ साली लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या मुलींनी संप केला, तेव्हा या कारखान्यांतली अवस्था सगळ्या जगासमोर आली.

यावर तोडगा स्वीडनमध्ये निघाला होता. गुस्ताफ एरिक पाश नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८४४ साली एक पेटंट घेतलं. त्याची कल्पना साधी होती. पेटवणारा मसाला एकाच ठिकाणी ठेवायचाच नाही, त्याचे दोन भाग करायचे. फॉस्फरस काडीवरून काढून पेटीच्या बाजूला लावायचा आणि काडीच्या टोकाला उरलेला मसाला ठेवायचा. दोघांची गाठ पडल्याशिवाय आग नाही.

आजची सेफ्टी काडी याच तत्त्वावर चालते. काडीच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट असतं, ते ऑक्सिजन पुरवतं. सोबत गंधक, काचेची पूड आणि सरस. पेटीच्या पट्टीवर लाल फॉस्फरस आणि काचेची पूड. घासलं की घर्षणाने पट्टीवरचा अगदी कणभर फॉस्फरस पेट घेतो आणि ती ठिणगी काडीवरच्या क्लोरेटला पेटवते.

पाशच्या काड्या महाग पडल्या आणि चालल्या नाहीत. यॉनशॉपिंग गावातल्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी ती कल्पना सुधारून बाजारात आणली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या काडीला पदक मिळालं आणि स्वीडन म्हणजे काडेपेटी हे समीकरण जगभर पक्कं झालं.

मग कुठेही पेटणारी काडी संपली का? नाही. १८९८ साली फ्रान्समध्ये सेव्हेन आणि काहेन या दोघांनी पांढऱ्या फॉस्फरसऐवजी फॉस्फरस आणि गंधकाचं एक संयुग वापरलं, फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड. ते कुठेही घासलं तरी पेटायचं, पण जबडा सडवत नव्हतं. अमेरिकेत डायमंड मॅच कंपनीकडे त्याचं पेटंट होतं. १९११ साली तिने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. म्हणूनच कुठेही पेटणारी काडी अमेरिकेत रुजली आणि आजही तिथे मिळते. तिच्या टोकावर वेगळ्या रंगाचा, बहुतेक वेळा पांढरा, छोटा ठिपका असतो. पेटवणारा सगळा मसाला त्या एकाच ठिपक्यात.

१९०६ साली बर्नमध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतातही १९१३ साली त्यासाठी कायदा आला. जुनी, विषारी काडी बाजारातून जाणार होती. तिची जागा घ्यायला एक स्वीडिश पोरगा तयार होत होता.

काडेपेटीवाल्यांच्या घरातला मुलगा

इव्हार क्रूगरचा जन्म २ मार्च १८८० चा, स्वीडनच्या काल्मार गावातला. घरचा धंदाच काडेपेटीचा. वडील अर्न्स्ट आउगुस्ट यांचे त्या भागात काडेपेटीचे कारखाने होते. इव्हार थोरला मुलगा. अभ्यासात इतका हुशार की शाळेत त्याला मधले वर्ग वगळून पुढे ढकललं. सोळाव्या वर्षी तो स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला आणि विसाव्या वर्षी इंजिनीअर होऊन बाहेर पडला.

पण घरच्या धंद्यात त्याचं मन रमेना. तो अमेरिकेला गेला. नंतर मेक्सिको, दक्षिण आफ्रिका असा भटकत राहिला. मेक्सिकोत पुलाच्या कामावर असताना पिवळ्या तापाची साथ आली आणि बरोबरचे बहुतेक सगळे इंजिनीअर गेले, क्रूगर वाचला, असं सांगतात. न्यूयॉर्कमध्ये त्याने बांधकाम कंपन्यांत काम केलं. तिथे उंच इमारती लोखंडी सांगाड्यावर आणि सळईच्या काँक्रीटवर झपाट्याने उभ्या राहत होत्या. युरोपात हे तंत्र अजून नवखं होतं. क्रूगरने ते नीट बघून घेतलं.

१९०८ साली स्वीडनला परत आल्यावर त्याने पॉल टोल या इंजिनीअरसोबत क्रूगर अँड टोल ही बांधकाम कंपनी काढली. त्यांची एक अट त्या काळात कुणी ऐकलेली नव्हती. ठरलेल्या तारखेला काम पूर्ण झालं नाही, तर दर दिवसाचा दंड कंपनी भरणार. तारखेच्या आधी झालं, तर ग्राहकाने बक्षीस द्यायचं. आज आपल्याकडे बिल्डरच्या ताब्याची वाट बघणाऱ्यांना ही अट स्वप्नवत वाटेल. स्टॉकहोमच्या १९१२ च्या ऑलिंपिक स्टेडियमच्या बांधकामात ही कंपनी होती. गड्याचं नाव झालं.

घरचे कारखाने बुडायला आले आणि

याच सुमारास वडिलांचे कारखाने अडचणीत आले. स्वीडनमध्ये काडेपेटीवाले भरपूर होते आणि सगळे एकमेकांचे भाव पाडत होते. सगळ्यात मोठी कंपनी होती यॉनशॉपिंगची. तिच्यापुढे काल्मारचे छोटे कारखाने टिकणं कठीण होतं.

१९१३ पर्यंत क्रूगरने घरच्यांसह छोट्या कारखान्यांची मोट बांधून एक कंपनी उभी केली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा रसायनांची टंचाई आली. क्रूगरने आधीच रसायनांचा आणि यंत्रांचा पुरवठा आपल्या हातात घेतला होता. समोरच्या मोठ्या कंपनीची कोंडी झाली. अखेर १९१७ साली यॉनशॉपिंगवाल्यांना त्याच्याशी हातमिळवणी करावी लागली आणि स्वीडिश मॅच कंपनी जन्माला आली. वयाच्या सदतिसाव्या वर्षी क्रूगर अख्ख्या स्वीडनच्या काडेपेटीचा मालक झाला.

पण स्वीडन त्याला पुरणारं नव्हतं.

काडेपेटी द्या, कर्ज घ्या

युद्ध संपलं तेव्हा युरोपातले निम्मे देश कंगाल झाले होते. त्यांना पैसा हवा होता आणि बँका हात आखडत होत्या. क्रूगरने यातून धंद्याची अशी युक्ती काढली की आजही बिझनेस स्कूलमध्ये तिचा अभ्यास होतो.

तो सरकारला मोठं कर्ज देऊ करायचा, तेही स्वस्तात. बदल्यात एकच मागणी. त्या देशात काडेपेटी बनवायचा किंवा विकायचा एकाधिकार त्याच्या कंपनीला मिळावा.

पोलंडपासून सुरुवात झाली. मग ग्रीस, हंगेरी, युगोस्लाव्हिया, रोमानिया, तुर्कस्तान अशी रांग लागली. १९२७ साली फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर दिले. १९२९ साली जर्मनीशी साडेबारा कोटी डॉलरचा करार झाला. सगळी कर्जं मिळून आकडा चाळीस कोटी डॉलरच्या जवळ पोहोचला.

एवढा पैसा आला कुठून? अमेरिकेतून. तिथे त्याने १९२३ साली इंटरनॅशनल मॅच कॉर्पोरेशन ही कंपनी काढली आणि तिचे शेअर आणि रोखे लोकांना विकले. शिक्षक, नर्स, दुकानदार, निवृत्त माणसं अशा सगळ्यांनी ते घेतले. का घेऊ नयेत? लाभांश दणदणीत मिळत होता. आणि काडेपेटी हा धंदा कधी बुडतो का? चूल पेटवायला रोज लागतेच.

स्टॉकहोममध्ये त्याने काडेपेटीचा महाल म्हणून ओळखलं जाणारं मुख्यालय बांधलं. १९२८ साली ते पूर्ण झालं. त्याच्या टेबलावर एक खोटा फोन होता, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. पायाखालचं बटण दाबलं की तो वाजायचा आणि समोर बसलेल्या पाहुण्याला वाटायचं की मोठ्या माणसाचा फोन आलाय. त्याने लग्न केलं नाही. कमी बोलायचा, आकडे तोंडपाठ सांगायचा. लोकांचा त्याच्यावर विश्वास बसायचा तो याच शांतपणामुळे.

एका काडीवर तिसरी सिगारेट पेटवू नये, तिसरा माणूस मरतो, अशी एक जुनी समजूत आहे. काड्या जास्त खपाव्यात म्हणून क्रूगरनेच ती पसरवली असं आजही फॉरवर्ड होत असतं. ते खरं नाही. ही समजूत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांमध्येच होती. खंदकात काडी जास्त वेळ पेटती राहिली तर शत्रूला नेम धरायला वेळ मिळतो, असं तिचं कारण सांगतात. तेव्हा क्रूगर बादशाह व्हायचा होता.

अंबरनाथची काडी

भारत ही क्रूगरसाठी मोठी बाजारपेठ होती. इथे काडेपेट्या मुख्यतः स्वीडन आणि जपानमधून यायच्या. महायुद्धात स्वीडनची जहाजं अडली आणि जपानी मालाने बाजार भरला.

१९२२ साली ब्रिटिश सरकारने महसूल वाढवण्यासाठी आयात काडेपेटीवरचा कर एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केला. त्या काळच्या मानाने हा फार जबर कर होता. बाहेरून माल आणणं परवडेना. उलट इथेच बनवला तर चांदी. मुंबई परिसरात देशी मंडळींनी भराभर कारखाने काढले.

इथे सरकारला कर्ज देऊन एकाधिकार घ्यायचा मार्ग क्रूगरने वापरला नाही. त्याच्या कंपनीने वेगळी चाल केली. कराची भिंत ओलांडता येत नसेल तर भिंतीच्या आत जाऊन बसायचं. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली. तिचंच छोटं नाव विम्को. कारखान्यासाठी निवडलं अंबरनाथ. मुंबईपासून जवळ आणि रेल्वे लाइनवरचं गाव. पुढे बरेली, कलकत्ता आणि मद्रासकडेही विम्कोचे कारखाने उभे राहिले. शिप, म्हणजे जहाजाच्या चित्राची काडेपेटी विम्कोचीच.

देशी कारखानदार हादरले. युरोपात क्रूगर काय करतो हे त्यांना माहीत होतं. आधी भाव पाडायचे, समोरचा टेकीला आला की विकत घ्यायचा. त्यांच्या तक्रारी सरकारपर्यंत गेल्या. टॅरिफ बोर्डाने चौकशी केली आणि १९२८ साली देशी उद्योगाला संरक्षण म्हणून आयात कर कायम ठेवायचं ठरलं. पण विम्को आता इथलीच कंपनी असल्याने तो कर तिला लागत नव्हता.

क्रूगरच्या कंपनीला तगडं उत्तर शेवटी तामिळनाडूतल्या शिवकाशीने दिलं. अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघं कलकत्त्याला जाऊन काडेपेटी बनवायला शिकले आणि गावी परत आले. विम्कोकडे यंत्रं होती, शिवकाशीकडे हात. १९३४ मध्ये काडेपेटीवर अबकारी कर बसला आणि पुढे हाताने काम करणाऱ्या छोट्या कारखान्यांना करात सवलती मिळत गेल्या. बघता बघता शिवकाशीचा भाग देशाची काडेपेटी बनला. मात्र त्या हातांत लहान मुलांचेही हात होते, ही या यशाची काळी बाजू. पुढे कित्येक दशकं त्यावर वाद होत राहिले.

दोघंही बनवत होते ती सेफ्टी काडीच. त्यामुळे आपल्या आजी-पणजीच्या चुलीजवळ जी पेटी होती, तिच्यात पाशची कल्पना होती.

एका आठवड्यात दोन बातम्या

२८ ऑक्टोबर १९२९ च्या टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर क्रूगरचा फोटो होता. जर्मनीच्या कर्जाचा करार नुकताच झाला होता. दुसऱ्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला.

जर्मनीला पैसे द्यायचा शब्द तर दिलेला होता. आतापर्यंत क्रूगर नवे शेअर विकून जुन्या देण्यांची सोय लावत आला होता. बाजार पडल्यावर नवे शेअर कोण घेणार? तरी त्याने शब्द पाळला. जर्मनीला पैसे पोहोचले, लाभांशही थांबला नाही. लोकांना वाटलं, मंदीत सगळे बुडाले पण हा पठ्ठ्या खंबीर आहे.

आतून मात्र सगळं पोखरलं होतं. त्याच्या कंपन्या शेकड्यांनी होत्या. एकीचं कर्ज दुसरीच्या नावावर, दुसरीचा नफा तिसरीच्या वहीत. हे सगळं जाळं पूर्णपणे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. काडीत त्याने आग दोन ठिकाणी वाटून ठेवलेली विकली. धंद्यात मात्र सगळा मसाला एकाच डोक्यात ठेवला.

१९३१ साली त्याने एरिक्सन या टेलिफोन कंपनीतला मोठा हिस्सा अमेरिकेच्या आयटीटी कंपनीला विकला आणि १ कोटी १० लाख डॉलर घेतले. आयटीटीने हिशेबनीस पाठवून एरिक्सनच्या वह्या तपासल्या. वहीत रोख म्हणून दाखवलेली रक्कम रोख नव्हतीच. १९३२ च्या फेब्रुवारीत आयटीटीने करार मोडला आणि पैसे परत मागितले. ते परत द्यायला क्रूगरकडे नव्हते. स्वीडनची मध्यवर्ती बँक मदतीला तयार होती, पण तिला आधी हिशेब बघायचा होता.

१२ मार्च १९३२. शनिवार. पॅरिसमध्ये बँकवाले त्याची बैठकीसाठी वाट बघत होते. तो आला नाही. त्याच्या फ्लॅटवर माणूस गेला तेव्हा क्रूगर पलंगावर मृत पडला होता. छातीत गोळी, शेजारी पिस्तूल. वय ५२. न्यूयॉर्कचा बाजार बंद होईपर्यंत ही बातमी दाबून ठेवली गेली, असं सांगतात. पोलिसांनी आत्महत्या ठरवली. त्याचा भाऊ टॉर्स्टन मात्र अखेरपर्यंत तो खून होता असंच मानत राहिला.

तिजोरीत काय सापडलं

सुरुवातीला स्वीडनने हळहळ व्यक्त केली. देशाचा मोठा माणूस गेला, अशी भावना होती. मग हिशेबनीस कामाला लागले.

तिजोरीत इटली सरकारचे कोट्यवधी पौंडांचे रोखे सापडले. ते स्टॉकहोममध्ये छापून घेतलेले होते आणि त्यांवरच्या सह्या खोट्या होत्या. इटलीशी काडेपेटीच्या एकाधिकाराची बोलणी खरोखर झाली होती, पण ती फिसकटली होती. क्रूगरने कागदावर मात्र करार पूर्ण करून टाकला होता.

शेअर रद्दी झाले. स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत हजारो सामान्य माणसांची आयुष्यभराची पुंजी गेली. स्वीडनचे पंतप्रधान कार्ल गुस्ताफ एकमन यांनी क्रूगरकडून पक्षासाठी पैसे घेतले होते आणि ते आधी नाकारलं होतं. उघड झाल्यावर ऑगस्ट १९३२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. अमेरिकेत १९३३ आणि १९३४ साली शेअर बाजाराचे जे कडक कायदे आले, त्यांच्यामागे असलेल्या घोटाळ्यांमध्ये क्रूगरचं नाव ठळक होतं. आज कंपनीला लोकांकडून पैसे घेण्याआधी हिशेब उघडे करावे लागतात, त्याची किंमत त्या काळच्या नर्स आणि शिक्षकांनी मोजली आहे.

एक गंमत मात्र राहिली. जर्मनीबरोबरचा काडेपेटीचा एकाधिकार क्रूगरबरोबर संपला नाही. हिटलर आला, गेला, देशाचे दोन तुकडे झाले, तरी पश्चिम जर्मनीत तो १९८३ पर्यंत चालू होता.

आणि अंबरनाथ? कागदावरचा पैसा खोटा होता, पण कारखाने खरे होते. काड्या खऱ्या होत्या. स्वीडिश मॅच कंपनी या धक्क्यातून सावरली, विम्कोही पुढे कित्येक दशकं काड्या बनवत राहिली. २००५ साली आयटीसी समूहाने विम्को विकत घेतली. अंबरनाथ पश्चिमेला विम्को नाका हे नाव आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे.

मग सॅकमध्ये कोणती काडी ठेवायची?

परदेशातून आलेल्या एखाद्या नातेवाइकाला कुठेही पेटणाऱ्या काड्या आणायला सांगाव्यात का? सांगू नका. विमानात त्या न्यायला बंदी आहे, हातातल्या बॅगेतही आणि सामानातही. कारण तेच जुनं. घासल्या तर पेटतात.

आणि त्या आणल्या तरी आपल्या पावसात फार उपयोग नाही. त्यांना पेटीची पट्टी लागत नाही हे खरं, पण खरखरीत आणि कोरडी जागा लागतेच. जुलैत प्रबळगडावर कोरडा दगड कुठून आणणार? शिवाय त्यांचं टोकही ओल धरतं. ओली काडी कुठलीही असो, पेटत नाही. उन्हाळ्यात कोरड्या रानात फिरताना त्या सोयीच्या, पण तेव्हा सॅकमध्ये एकमेकींवर घासून पेटायचा धोकाही असतो.

वाऱ्यात टिकणाऱ्या, लांब मसाल्याच्या वादळी काड्या मिळतात, त्या बहुतेक सेफ्टीच असतात. म्हणजे त्यांनाही पट्टी हवीच.

आपल्या दोन रुपयांच्या पेटीचं खरं दुखणं काडी नाही, पट्टी आहे. म्हणून काड्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. दुसऱ्या पेटीची पट्टी कापून वेगळ्या प्लास्टिकमध्ये, दुसऱ्या कप्प्यात ठेवा. डबीत ठेवायचीच असेल तर तिची मसाल्याची बाजू काड्यांच्या टोकांना लागणार नाही अशी गुंडाळून. काड्यांची टोकं वितळलेल्या मेणबत्तीच्या मेणात बुडवून घेतली तर ओल लागत नाही. पेटवताना टोकावरचं मेण नखाने खरवडलं की झालं. सोबत मेणबत्तीचा एक तुकडा ठेवा. काडी काही सेकंदच जळते, मेणबत्ती स्टोव्ह पेटेपर्यंत साथ देते.

आणि कर्नाळ्याला जाणार असाल तर काडी खिशातच राहू द्या. ते पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडून येणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तिथे चहा घरून थर्मासमध्ये नेलेला बरा.

क्रूगरच्या साम्राज्यातले बहुतेक कागद आज फक्त अभ्यासकांच्या कामाचे आहेत. त्याने ज्या काडीवर ते साम्राज्य उभं केलं, ती मात्र अजून दोन रुपयांना मिळते. पट्टी कोरडी ठेवलीत, तर पेटतेही.